सामायिक लिंटचे नियम: सहा रेपो, एक कॉन्फिग. कसं बसवावं?

अर्धविराम

मांडणी अशी आहे: रिअॅक्टची तीन अॅप्लिकेशन्स, एक कंपोनंट लायब्ररी, नोडवरच्या दोन सर्व्हिसेस. सगळं टाइपस्क्रिप्टमध्ये, सहा वेगळे रेपो (गिटमधली कोडची भांडारं). प्रत्येकात ईएसलिंटचं (कोडमधल्या चुका दाखवणारं लिंट साधन) कॉन्फिग आहे, पण ते कधीतरी एकमेकांतून कॉपी झालेलं आणि मग आपापल्या वाटेने वाढलेलं. दोन रेपो अजून आठव्या आवृत्तीवर, बाकीचे नवव्या.

आता सगळ्यांसाठी एकच पॅकेज करायचंय. चार गोष्टी कळत नाहीत. प्लगिन्स (जादा नियम देणारी पॅकेजं) कुणाच्या डिपेंडन्सीत टाकायचे, पॅकेजच्या की वापरणाऱ्या रेपोच्या? प्रिटियरला (कोडची मांडणी आपोआप लावणारं साधन) लिंटमधूनच चालवायचं का? जुन्या कोडमध्ये हजारोंनी चुका निघतील, त्यांचं काय? आणि सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत) वॉर्निंग चालू द्यायची का?

कंसबहाद्दर

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण इंटरनेटवरची निम्मी उत्तरं त्याबाबतीत शिळी झाली आहेत.

जुन्या 'ईएसलिंटआरसी' पद्धतीत प्लगिनचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहायचं आणि ईएसलिंट ते वापरणाऱ्या प्रोजेक्टच्या फोल्डरपासून शोधायचं. त्यामुळे सामायिक कॉन्फिगच्या पोटातला प्लगिन त्याला सापडेलच याची खात्री नसे. म्हणून सगळे प्लगिन पीअर डिपेंडन्सी (वापरणाऱ्याने स्वतः बसवायच्या) करायचे आणि प्रत्येक रेपोत आठ-दहा पॅकेजं हाताने बसवायची. एप्रिल २०२४ मध्ये नववी आवृत्ती आली आणि फ्लॅट कॉन्फिग (सगळं एका जावास्क्रिप्ट अॅरेत लिहायचं) हीच ठरलेली पद्धत झाली. त्यात प्लगिन म्हणजे साधा जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट. तुमच्या पॅकेजने तो इम्पोर्ट केला की विषय संपला. तेव्हा प्लगिन्स, पार्सर आणि 'ग्लोबल्स' (आधीच उपलब्ध असलेल्या नावांची यादी) हे पॅकेज तुमच्या पॅकेजच्या साध्या डिपेंडन्सीत टाका. पीअरमध्ये फक्त दोन ठेवा: ईएसलिंट स्वतः आणि टाइपस्क्रिप्ट.

पॅकेजची रचना: एकच मोठी फाइल करू नका. बेस, टाइपस्क्रिप्ट, रिअॅक्ट, नोड, टेस्ट असे पाच स्वतंत्र एक्स्पोर्ट ठेवा, प्रत्येक म्हणजे कॉन्फिग ऑब्जेक्टचा एक अॅरे. नोडच्या सर्व्हिसला बेस, टाइपस्क्रिप्ट आणि नोड पुरतात, रिअॅक्टच्या अॅपला बेस, टाइपस्क्रिप्ट आणि रिअॅक्ट. वापरणाऱ्या रेपोतली फाइल दहा ओळींच्या वर जाता कामा नये. गेली, तर समजा कॉपी-पेस्टचा खेळ पुन्हा सुरू झाला.

९.२२ पासून 'डिफाइनकॉन्फिग' हे फंक्शन मिळतं आणि त्याबरोबर 'एक्स्टेंड्स'ही (दुसरं कॉन्फिग आत घ्यायची सोय) परत आलंय. तेच वापरा आणि पीअरमधली किमान आवृत्ती ९.२२ ठेवा. आठव्या आवृत्तीवरच्या दोन रेपोंना आधी वर आणा. आठवीचा आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलाय, दोन्ही आवृत्त्या सांभाळणारं पॅकेज करण्यात जीव घालवू नका.

एक बारीक पण फार उपयोगी गोष्ट: अॅरेतल्या प्रत्येक ऑब्जेक्टला 'नेम' द्या. 'इन्स्पेक्ट-कॉन्फिग' चालवलं की ब्राउझरमध्ये कुठल्या फाइलला कुठला नियम कुठल्या ऑब्जेक्टमुळे लागला ते दिसतं. नावं नसतील तर नुसते क्रमांक दिसतात आणि मग बसा मोजत.

शेवटचा_स्वल्पविराम

वाखूण साठवली.

एक भर. टाइपची माहिती लागणारे नियम वापरणार असाल तर 'टीएसकॉन्फिग-रूट-डिर' (टाइपस्क्रिप्टची सेटिंग कुठल्या फोल्डरपासून शोधायची ते) पॅकेजमध्ये लिहून ठेवू नका. पॅकेजमध्ये 'इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डिरनेम' लिहिलंत तर ते नोड मॉड्यूल्समधल्या (बसवलेली पॅकेजं जिथे असतात) तुमच्या पॅकेजचं फोल्डर दाखवतं, रेपोचं नाही. म्हणून टाइपस्क्रिप्टचा एक्स्पोर्ट अॅरे न ठेवता फंक्शन ठेवा आणि रेपोने आपलं फोल्डर त्याला द्यावं.

नवीनच_आलोय

मी दोन वेगळी कॉन्फिग एकत्र केली तर 'कॅनॉट रिडिफाइन प्लगिन' अशी एरर येते. प्लगिनचं नाव दोन्हीकडे सारखंच आहे, मग अडचण कुठे?

कंसबहाद्दर

नाव सारखं आहे, ऑब्जेक्ट सारखा नाही. अडचण तीच. ईएसलिंट बघतं की या नावाखाली आधी जो ऑब्जेक्ट नोंदवला तोच हा आहे का. नोड मॉड्यूल्समध्ये एकाच प्लगिनच्या दोन प्रती असतील (एक वर, एक कुणाच्या तरी पोटात) तर दोन ऑब्जेक्ट तयार होतात. 'एनपीएम एलएस' आणि पुढे प्लगिनचं नाव देऊन बघा, दोन आवृत्त्या दिसतीलच. रेपोने स्वतः बसवलेला प्लगिन काढून टाका, किंवा तुमच्या पॅकेजने तो प्लगिन पुन्हा एक्स्पोर्ट करावा आणि रेपोने तिथूनच घ्यावा.

याच कारणाने सामायिक पॅकेज 'एनपीएम लिंक' करून तपासू नका. सिमलिंकमुळे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) पॅकेज आपल्या स्वतःच्या नोड मॉड्यूल्समधून प्लगिन उचलतं आणि खऱ्या वापरात न येणाऱ्या चुका तिथे दिसतात. 'एनपीएम पॅक' करा, तयार झालेली फाइल रेपोत बसवा, मग बघा.

खिडकीवाली

प्रिटियरबद्दल. लिंटच्या आतून प्रिटियर चालवणारा प्लगिन मिळतो, पण तो टाळा. प्रत्येक फाइल दोनदा पार्स होते, वेळ जातो, आणि संपादकात टायपिंग चालू असताना लाल रेघांचा नुसता पाऊस पडतो. एक स्पेस कमी पडली ही 'चूक' नव्हे, ती सेव्ह करताना आपोआप सुटायला हवी. ईएसलिंटनेही ८.५३ मध्ये मांडणीचे नियम (इंडेंट, कोट्स, सेमी वगैरे) कालबाह्य ठरवले. ते आता 'स्टायलिस्टिक' नावाच्या वेगळ्या प्रकल्पात आहेत.

तेव्हा प्रिटियर वेगळं चालवा आणि लिंटमध्ये फक्त 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियर' ठेवा. ते स्वतः काही तपासत नाही, प्रिटियरशी भांडणारे नियम तेवढे बंद करतं. त्यामुळे ते अॅरेत शेवटी हवं. मधे टाकलंत तर पुढचं कॉन्फिग ते नियम परत चालू करतं आणि मग सेव्ह केलं की एक जण ओळ मोडतो, दुसरा जोडतो. त्याच पॅकेजबरोबर कमांड लाइनची एक तपासणीही येते, कुठल्याही एका फाइलचा मार्ग दिला की कुठले नियम भांडतायत ते सांगते. 'कर्ली'सारखे काही नियम अर्धे चालतात, अर्धे नाही, तेही तिथे कळतं.

आणि विंडोजवाल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी: प्रिटियर दुसऱ्या आवृत्तीपासून ओळीचा शेवट 'एलएफ' मानतं. विंडोजवरचं गिट मात्र बरेचदा चेकआउट करताना 'सीआरएलएफ' करून देतं. मग प्रत्येक ओळ चुकीची. लोक घाईने प्रिटियरमध्ये 'एंड ऑफ लाइन' ऑटो करतात, तसं करू नका, त्याने नुसता रोग झाकला जातो. रेपोत 'गिटअॅट्रिब्यूट्स' फाइल घाला, त्यात सगळ्या मजकूर फाइलींना 'ईओएल बरोबर एलएफ' द्या, आणि एकदाच 'गिट अॅड रिनॉर्मलाइझ' करून कमिट करा.

अर्धविराम

म्हणजे सहाही रेपोंत एकदा सगळ्या फाइलींवर प्रिटियर फिरवावं लागेल. मग 'ब्लेम'ची (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या सोयीची) वाट लागेल ना?

खिडकीवाली

नाही लागत. फॉर्मॅटिंगचं कमिट वेगळं ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा पूर्ण हॅश 'गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ज' या फाइलीत लिहा आणि गिटच्या सेटिंगमध्ये 'ब्लेम डॉट इग्नोअररेव्ज्फाइल' ला तिचं नाव द्या. गिट २.२३ पासून ही सोय आहे. गिटहबही ती फाइल स्वतःहून वाचतं. फक्त स्क्वॉश करून (सगळी कमिट एकात मिळवून) मर्ज करत असाल तर हॅश मर्ज झाल्यावर घ्या, आधीचा हॅश मुख्य शाखेत नसतोच.

उघड्या पुल रिक्वेस्ट आधी मर्ज करून घ्या, मग हा घाट घाला. नाहीतर कॉन्फ्लिक्टचा चिखल.

चौकटराजा

नियम कुठले घ्यायचे यावर कोणीच बोललं नाही. खरी भांडणं तर तिथेच होतात.

माझं मत: सामायिक पॅकेजमध्ये फक्त तेच नियम असावेत जे खरा बग पकडतात. ईएसलिंटचा तयार 'रेकमेंडेड' संच घ्या, त्यावर 'टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट'चं टाइप तपासणारं 'रेकमेंडेड' घ्या. 'नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस' आणि 'नो-मिसयूज्ड-प्रॉमिसेस' या दोघांसाठीच टाइपवाला लिंट घेणं परवडतं. अवेट विसरलेली डेटाबेसची हाक टेस्टमध्ये कित्येकदा पास होते आणि प्रॉडक्शनमध्ये गुपचूप हरवते. रिअॅक्टमध्ये हुक्सचे दोन नियम: 'रूल्स ऑफ हुक्स' एरर म्हणून आणि 'एक्झॉस्टिव्ह डेप्स'सुद्धा (हुकच्या डिपेंडन्सीची यादी पूर्ण आहे का ते बघणारा) एरर म्हणूनच, जरी प्लगिन ते वॉर्निंग म्हणून देत असलं तरी.

फंक्शन किती ओळींचं असावं, टर्नरी चालेल की नाही, इंटरफेस की टाइप, असले नियम सहा रेपोंवर लादले की चार दिवसांत नियम बंद करणाऱ्या 'डिसेबल'च्या टिपण्या उगवायला लागतात.

शेवटचा_स्वल्पविराम

@चौकटराजा, बाकी सगळ्याला अनुमोदन, 'एक्झॉस्टिव्ह डेप्स' एरर करण्याला नाही. त्याचा आपोआप सुचवलेला बदल डोळे झाकून स्वीकारला की इफेक्ट अनंत फेऱ्या मारायला लागतो, कारण डिपेंडन्सीत दर रेंडरला नवा होणारा ऑब्जेक्ट येऊन बसतो. एरर असली की लोक ती घालवायला तेच करतात.

चौकटराजा

आणि वॉर्निंग असली की कोणी बघत नाही. सीआयच्या लॉगमध्ये २०० पिवळ्या ओळी असतील तर २०१वी कोणाला दिसणार आहे? लिंटमध्ये दोनच अवस्था असाव्यात, चालू किंवा बंद. सीआयमध्ये 'मॅक्स-वॉर्निंग्ज' (किती वॉर्निंग चालतील) शून्य लावलं की वॉर्निंग आणि एरर यांत तसाही फरक राहत नाही. मग नाटक कशाला?

अपवाद लागला तर ओळीवर डिसेबल करा, पण कारण लिहा. 'ईएसलिंट-कॉमेंट्स' प्लगिनमध्ये 'रिक्वायर-डिस्क्रिप्शन' नियम आहे, तो कारण लिहायला लावतो. आणि नवव्या आवृत्तीपासून निरुपयोगी झालेल्या डिसेबल टिपण्यांवर आपोआप वॉर्निंग येते, तीही एरर करून टाका.

शेवटचा_स्वल्पविराम

मी वॉर्निंग एका कामासाठी तरी ठेवीन: नवा नियम आणायचा तर एक मायनर (लहान) आवृत्ती वॉर्निंग म्हणून, पुढच्या मेजरला (मोठ्या आवृत्तीला) एरर. त्या काळात 'मॅक्स-वॉर्निंग्ज' शून्य ठेवता येत नाही हे मान्य. असो, यावर एकमत होणार नाही.

कंसबहाद्दर

जुन्या कोडच्या प्रश्नाने हा वादही बराचसा मिटतो. ९.२४ पासून ईएसलिंटमध्ये घाऊक दडपणूक आली आहे. 'सप्रेस-ऑल' देऊन एकदा चालवलं की आजच्या सगळ्या चुका 'ईएसलिंट-सप्रेशन्स' या जेसनमध्ये नोंदल्या जातात: कुठली फाइल, कुठला नियम, किती वेळा. ती फाइल कमिट करा. आता सीआय हिरवा, आणि नव्या चुकीवर लाल. एकाच नियमापुरतं करायचं तर 'सप्रेस-रूल' आहे.

तीन खाचखळगे. पहिला, दडपणूक फक्त एररची होते, वॉर्निंगची नाही, म्हणजे इथे चौकटराजा जिंकले. दुसरा, नोंद ओळीची नसून संख्येची असते. फाइलीत त्या नियमाच्या पाच चुका नोंदवलेल्या असताना सहावी आली तर सहाच्या सहा दिसायला लागतात. नवी कुठली ते डिफमध्ये शोधा. तिसरा, जुनी चूक दुरुस्त केलीत की नोंद शिल्लक राहते आणि त्यावरूनही तपासणी नापास होते. 'प्रून-सप्रेशन्स' चालवून जेसन पुन्हा कमिट करायचं. पहिल्यांदा हे बघून माणूस चक्रावतो, 'चूक सुधारली तरी लाल का?'

नवव्यावर येताना अचानक वाढणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच एकाच जागच्या असतात: 'नो-अनयूज्ड-व्हार्स' आता कॅचमधला न वापरलेला व्हेरिएबलही पकडतो. आधी सोडून द्यायचा. तिथे कॅचचा कंसच काढून टाका, २०१९ च्या जावास्क्रिप्टपासून चालतं.

नवीनच_आलोय

मी आठवरून नऊवर गेलो तर दोन एरर आल्या: एक 'गेटस्कोप इज नॉट अ फंक्शन' आणि दुसरी 'ऑडिओवर्कलेटग्लोबलस्कोप' या नावापुढे म्हणे रिकामी जागा आहे. दुसरी तर काहीच्या काही वाटते.

कंसबहाद्दर

दोन्ही ओळखीच्या. पहिली म्हणजे प्लगिन जुना आहे, नवव्या आवृत्तीत काढलेली फंक्शन्स वापरतोय. प्लगिनची नवी आवृत्ती घ्या, नसेल तर 'ईएसलिंट-कॉम्पॅट' मधलं 'फिक्सअप-प्लगिन-रूल्स' त्याला गुंडाळा. दुसरी गंमतच आहे: 'ग्लोबल्स' पॅकेजच्या जुन्या आवृत्तीत त्या नावापुढे खरोखरच एक स्पेस टाइप होऊन राहिली होती, आणि फ्लॅट कॉन्फिग ती खपवून घेत नाही. तुम्ही 'ग्लोबल्स' स्वतः बसवलेलं नाही, दुसऱ्याच्या पोटातून वर आलेली जुनी प्रत इम्पोर्ट होतेय. स्वतःच्या डिपेंडन्सीत ताजी आवृत्ती टाका.

चौकटराजा

'इग्नोअर्स'वरही लिहा कोणीतरी, दर आठवड्याला तोच प्रश्न.

खिडकीवाली

लिहिते. ऑब्जेक्टमध्ये फक्त 'इग्नोअर्स' असेल (सोबत 'नेम' चालतं) तर त्या फाइली सगळ्यांतूनच वगळल्या जातात. त्याच ऑब्जेक्टमध्ये 'रूल्स' किंवा आणखी काही आलं की ते वगळणं त्या ऑब्जेक्टपुरतंच उरतं. हा घोळ टाळायला 'ग्लोबल-इग्नोअर्स' फंक्शन आहे, तेच वापरा. दुसरं, नुसतं 'डिस्ट' लिहिलं तर गिटइग्नोअरसारखं सगळ्या पातळ्यांवर लागू होत नाही, फक्त कॉन्फिगच्या शेजारचं फोल्डर वगळलं जातं. आधी दोन तारे आणि तिरकी रेघ हवी. 'डिस्ट' किंवा 'कव्हरेज' आपोआप वगळलं जात नाही, आपोआप फक्त 'नोड मॉड्यूल्स' आणि गिटचं फोल्डर.

आणि लिंट-स्टेज्डचा (कमिटआधी लिंट चालवणारं साधन) सापळा: ते स्टेज केलेल्या फाइलींची नावं थेट ईएसलिंटला देतं. त्यात एखादी वगळलेली फाइल असली की 'ही फाइल वगळलेली आहे' अशी वॉर्निंग येते. 'मॅक्स-वॉर्निंग्ज' शून्य असेल तर कमिट अडतो. त्या कमांडला 'नो-वॉर्न-इग्नोअर्ड' जोडा.

टॅब_की_स्पेस

टाइपवाला लिंट आमच्या लॅपटॉपवर रडतो. काही उपाय?

शेवटचा_स्वल्पविराम

आधी मोजा. 'टायमिंग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवून ईएसलिंट चालवलं की सर्वात हळू दहा नियमांचा तक्ता येतो. बहुतेक वेळा वर 'इम्पोर्ट' प्लगिनचा 'नो-सायकल' (एकमेकींना इम्पोर्ट करणाऱ्या फाइली शोधणारा) बसलेला असतो. तो फक्त सीआयमध्ये चालवा, किंवा खोलीची मर्यादा घाला. त्या तक्त्यात टाइपवाला जो नियम पहिला चालतो त्याच्या नावावर टाइपस्क्रिप्टचा स्वतःचा वेळही पडतो, तेव्हा त्याला फासावर चढवू नका.

'टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट' आठव्या आवृत्तीवर 'प्रोजेक्ट-सर्व्हिस' (टीएसकॉन्फिग आपोआप शोधणारा पर्याय) चालू ठेवा, टीएसकॉन्फिगची यादी हाताने देणं सोडा. रेपोच्या मुख्य फोल्डरमधल्या कॉन्फिगच्या जावास्क्रिप्ट फाइली टीएसकॉन्फिगमध्ये नसतात, म्हणून 'प्रोजेक्ट सर्व्हिसला सापडली नाही' असं येतं. त्यांच्यासाठी 'डिसेबल-टाइप-चेक्ड' हे तयार कॉन्फिग लावा. 'अलाउ-डिफॉल्ट-प्रोजेक्ट'मध्ये कोंबू नका, तिथे मुळात आठच फाइली चालतात आणि ती मर्यादा वाढवणाऱ्या पर्यायाच्या नावातच 'याने लिंट मंदावेल' असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

कॅशबद्दल सावध. 'कॅश' दर फाइलीचा निकाल साठवतं. एका फाइलीतला टाइप बदलला तर त्यावर अवलंबून दुसरी फाइल जुनाच निकाल दाखवते. म्हणून सीआयमध्ये टाइपवाल्या लिंटला कॅश नको. टाइप नसलेल्यासाठी वापरायचं असेल तर 'कॅश-स्ट्रॅटेजी' कंटेंट ठेवा, कारण सीआयच्या ताज्या चेकआउटमध्ये फाइलींच्या वेळा बदलतात.

मात्राविलांटी

मराठी मजकूर असलेल्या साइटसाठी दोन गोष्टी, कारण या इंग्रजी लेखांत सापडत नाहीत.

'नो-मिसलीडिंग-कॅरेक्टर-क्लास' हा नियम 'रेकमेंडेड'मध्ये असतो. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या चौकटी कंसात 'कि' लिहिलंत तर तो ओरडतो, आणि बरोबर ओरडतो. कंसाच्या दृष्टीने ते एक अक्षर नसून 'क' आणि वेलांटी अशी दोन चिन्हं आहेत, त्यामुळे नुसता 'क'ही जुळतो. नियम बंद करू नका, गोल कंसात उभ्या रेघेने पर्याय लिहा. संपूर्ण देवनागरी जुळवायची असेल तर युनिकोड फ्लॅग लावून 'स्क्रिप्ट' गुणधर्म वापरा.

दुसरं, 'नो-इर्रेग्युलर-व्हाइटस्पेस'. वर्डमधून उचललेल्या मराठी मजकुरात न तुटणारी स्पेस येते. स्ट्रिंगमध्ये ती नियम सोडून देतो, पण जेएसएक्सच्या (रिअॅक्टच्या टॅगांमधल्या) मजकुरात पकडतो. 'स्किप-जेएसएक्स-टेक्स्ट' चालू करण्यापेक्षा ती स्पेस काढा, नाहीतर मोबाइलवर ओळ नको तिथे तुटते, किंवा तुटतच नाही. मात्र 'दुसर्‍या' मधल्या अर्ध्या र साठी वापरलेला शून्य रुंदीचा जोडक हा नियम पकडत नाही. तोच शब्द नुक्त्याच्या 'ऱ' ने लिहिला की डोळ्यांना सारखा, तुलनेत वेगळा. युनिकोड नॉर्मलायझेशननेही ते दोन एक होत नाहीत. शोध किंवा भाषांतराच्या किल्ल्या असतील तर 'नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स' ने जोडक असलेल्या स्ट्रिंगवर बंदी घाला.

चौकटराजा

हे भारी होतं. वेगळा धागा काढा यावर.

कंसबहाद्दर

आवृत्त्या आणि सुरक्षा राहिली, ती लिहून थांबतो.

नवा एरर नियम म्हणजे मेजर आवृत्ती, सरळ हिशोब. ईएसलिंटसुद्धा 'रेकमेंडेड'ची यादी मेजरमध्येच बदलतं. नियम सैल केला तर मायनर. रेपोंमध्ये तुमच्या पॅकेजची आवृत्ती टोपीचिन्हाशिवाय (^), नेमकी लिहा.

हे नेमकेपण फक्त शिस्तीसाठी नाही. जुलै २०२५ मध्ये 'ईएसलिंट-कॉन्फिग-प्रिटियर'च्या सांभाळकर्त्याला एनपीएमसारख्या दिसणाऱ्या खोट्या पत्त्यावरून फसवून टोकन चोरलं गेलं, आणि ८.१०.१, ९.१.१, १०.१.६, १०.१.७ या चार आवृत्त्या विषारी निघाल्या. इन्स्टॉल करताच विंडोजवर डीएलएल चालवायच्या. जुलै २०१८ मध्ये 'ईएसलिंट-स्कोप'ची ३.७.२ ही आवृत्तीही विषारी निघाली होती. लिंटचं पॅकेज प्रॉडक्शनमध्ये जात नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आणि टोकनं असलेल्या सीआयमध्ये चालतं. सीआयमध्ये 'एनपीएम सीआय', लॉकफाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) कमिट केलेली, 'इग्नोअर-स्क्रिप्ट्स' (बसवताना स्क्रिप्ट न चालवणं) जमेल तिथे चालू. पीएनपीएममध्ये (एनपीएमचा पर्याय) १०.१६ पासून 'मिनिमम-रिलीज-एज' आहे, मिनिटांत: १४४० दिलंत तर एक दिवसाहून ताजी आवृत्ती बसतच नाही.

टॅब_की_स्पेस

एवढं सगळं करण्यापेक्षा बायोम किंवा ऑक्सलिंट यांसारखं दुसरं लिंटचं साधन घेतलं तर?

शेवटचा_स्वल्पविराम

वेगात दोन्ही फार पुढे, रस्टमध्ये लिहिलेत. बायोम फॉर्मॅटिंगही करतं. पण तुमच्या कॉन्फिगमध्ये ईएसलिंटचे कुठले प्लगिन आहेत त्याची यादी आधी काढा आणि प्रत्येक नियम तिकडे आहे का ते तपासा. ऑक्सलिंट आधी आणि ईएसलिंट नंतर असंही चालवता येतं. त्यासाठी आच्छादलेले नियम ईएसलिंटमध्ये बंद करणारा प्लगिन मिळतो.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरतोय: आधी गिटअॅट्रिब्यूट्स आणि प्रिटियरचं एकटं कमिट, मग आठवीवरचे दोन रेपो वर, मग पॅकेज कंपोनंट लायब्ररीत, दडपणुकीच्या जेसनसकट. लायब्ररी सर्वात लहान म्हणून तिथून. पॅकेज खाजगी रजिस्ट्रीत ठेवायचं की गिटच्या टॅगवरून बसवायचं?

कंसबहाद्दर

सहाच रेपो आहेत, टॅगवरून चालेल. फक्त पॅकेजला बिल्ड लागता कामा नये, साधं जावास्क्रिप्ट ठेवा. नाहीतर बसवताना 'प्रिपेअर' स्क्रिप्ट चालावी लागते आणि वर सांगितलेलं 'इग्नोअर-स्क्रिप्ट्स' तिथेच आडवं येतं.